बिभीषणची अर्धी दाढी

माजा भाऊ वैजनाथ गेला. ह्याच्या फुडं काय लिवावं ते कळंना, कारण मला आजून खरंच वाटत न्हाय. सकाळी फोनवर बोलला की माज्यासंगं. म्हणला, "धुरपे, वाशीच्या बाजारात गवार आलीया का?" म्या म्हणले, "दादा, तुला गवार कशाला? तू तर ताटातनं काढून टाकतुस." म्हणला, "मला न्हाय गं, तुज्या वैनीला पायजे. ठेव आता, गिऱ्हाईक बसलंय खुर्चीत." ठेवला फोन.

माज्या भाकरी थापून झाल्या न्हवत्या तवर दुसरा फोन. दादा गेला म्हणून. कोण बोलतंय इचारलं तर नुसतं रडणं. म्या म्हणले कुणीतरी टिंगल करतंय, आन् कट केला फोन. खरंच कट केला. परत वाजला तवा आवाज वळखला. बिभीषण हुता त्यो. खुर्चीतलं गिऱ्हाईक त्योच हुता.

आमी नाभिक. न्हाव्याचं घर. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव हाय, लई मोठं न्हाय. मला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिलं, दादा गावात राह्यला. म्हंजी गावात न्हाय, फाट्यावर. लिंबाखाली पत्र्याचं दुकान, एक खुर्ची, एक आरसा, भायेर बाकडं. लोक इचारायचे, न्हाव्याचं दुकान गावात आसतंय, तुमच्या भावाचं फाट्यावर कसं? आता त्यो न्हाय, तर म्या सांगते कसं.

आमच्या लहानपणी दुकान गावातच हुतं, वेशीजवळ. आमचा बापू, म्हंजी आमचा बाप, आन् दादा दोघं बसायचे. गावाच्या खाली मातंगांची वस्ती हाय. त्येंच्या डोस्क्याला आमच्या घरातला कुणी हात लावत न्हवता. ती माणसं एकामेकाचं केस कापायची, घरातल्या कातरीनं, कुठं बारीक कुठं मोठं. न्हायतर पायी नळदुर्गला जायची. आन् गावात कुणाची म्हैस भादरायची आसली का आमच्या घरचा माणूस जायचा. म्हैस चालायची. माणूस चालत न्हवता. तवा मला ह्यात कायबी वाटत न्हवतं, सगळ्या गावालाच वाटत न्हवतं. आता लिवताना अंगावर काटा येतोय.

बिभीषण त्या वस्तीवरचा. पोरगाच हुता, पुण्याला बांधकामावर राहून आल्ता. तिकडं सलूनात बसून केस कापायची सवय झालती. एक दिवस सकाळच्या पारी दुकान उघडायच्या आधीच यिऊन दाराभायेर उभा राह्यला. कुणी कायतरी काम आसंल म्हणून बोललं न्हाय त्येला. म्या दुकानात च्या द्यायला गेलते, म्हणून हे सगळं माज्या डोळ्याम्होरं झालेलं हाय. पयलं गिऱ्हाईक उठलं, खुर्ची रिकामी झाली. आण्णासाहेब, गावातले मोठे जमीनवाले, तेवढ्यात यिऊन बाकड्यावर बसले. आन् बिभीषण आत आला आन् सरळ खुर्चीत बसला.

बापू भायेर वस्तरा परजत हुता, त्येचा हात तसाच राह्यला.

आण्णासाहेब म्हणले, "ए, खुर्ची हाय ती."

बिभीषण म्हणला, "व्हय मालक, खुर्ची हाय म्हणूनच बसलाव."

"वैजू, उठव त्येला."

दादाच्या हातात गळ्याला बांधायचं फडकं हुतं. त्येनं बिभीषणला उठ म्हणलं न्हाय का बस म्हणलं न्हाय. इचारलं, "तू कवा आलास रं?"

"तुमी दुकान झाडत हुतात तवा."

"आन् मालक तुमी?"

"आत्ता तुज्या म्होरं आलाव की! आंधळा हाईस का?"

"मग नंबर त्येचा हाय," दादा म्हणला. आन् फडकं झटकून बिभीषणच्या गळ्याला बांधलं.

म्या बगितलं, बिभीषणच्या मानंवर पार काटा आल्ता. एवढं धीट बोलला, पर दोन्ही हातानं खुर्ची घट धरून बसलाता. पयलं केस कापताना दादाची कातर नुसतीच वाजली, केस कापलाच न्हाय. आरशात दोघांनी एकामेकाकडं बगितलं आन् दादा हळूच म्हणला, "हालू नको, म्या बी घाबरलोय."

त्या दिवसानंतर आमच्या दुकानात गावातलं कुणी आलं न्हाय. वर्साचं बलुतं बंद झालं. कुणी भांडलं न्हाय, शिव्या दिल्या न्हाईत, नुसती पाठ फिरवली. भावकी बसली. माजा चुलत भाऊ रामकिसनतात्या, दादापेक्षा मोठा, त्यो म्हणला, "माफी माग आन् दुकान धुऊन घे." दादा म्हणला, "दुकान म्या रोजच धुतो." बापूनं धोकटी काढून घेतली त्येच्याकडनं. हत्यारं सगळी धोकटीत आसतात, ती पिशवीच काढून घेतली म्हंजी घरातनंच काढल्यासारखं. गावच्या घरांची दाढी-कटिंग रामकिसनतात्यानं धरली.

दादानं खुर्ची डोक्यावर घेतली आन् फाट्यावर गेला. नवीन वस्तरा, नवीन कातर उधार आणली. वैनी, दगडाबाई तिचं नाव, नवी नवरी हुती, ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. वस्तीवरची माणसं यायची, यष्टीचे डायवर कंडाक्टर यायचे, येणारे जाणारे. मग गावातली कालिजची पोरं कटिंगच्या नादानं यायला लागली. म्हातारी माणसं आली न्हाईत कवाच. दादा हासायचा. म्हणायचा, "बरं हाय, म्हाताऱ्यांच्या दाढीचं खुट लई राठ आसतंय." एकदा आण्णासाहेबाचा नातू गाडी घिऊन आला, "आधी माजं करा, घाई हाय" म्हणला, तर दादानं कातरीनं बाकडं दाखिवलं. त्यो गपचिप बसला नंबरला. दादाचा कायदा एवढाच. जात इचारायची न्हाय, नंबर इचारायचा.

आता गावात चांगली काचंची सलूनं झालीत, गादीच्या खुर्च्या हाईत. वस्तीवरचं पोरगं गेलं का म्हणतात, "आज नंबर न्हाय, उद्या ये." उद्या गेलं तरी तेच. मोबाईल हाईत, गाड्या हाईत, सगळं हाय, पर उद्या काय उगवत न्हाय. म्हणून वस्तीवरची सगळी दादाकडंच.

बिभीषण आता पिकल्या केसाचा झाला. हलगी वाजवतो, लग्नात, जत्रंत. दाढी वाढली नसली तरी दुकानात यायचा, बसायचा, च्या प्यायचा. त्या दिवशी बसलाता दाढीला. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला फेस लावल्याला. दादा म्हणला, "जरा थांब रं," आन् वस्तरा फळीवर ठिवला, हात पुसलं, बाकड्यावर जाऊन टेकला. बिभीषण डोळं मिटून वाट बगत बसला. त्येला वाटलं दादा तंबाखू मळायलाय. बराच येळ झाला म्हणून डोळं उघडलं तर...

टेंपोत घालून त्येनंच नेला दवाखान्यात. काय उपेग झाला न्हाय.

म्या वाशीहून पोचले तर दारात पयला बिभीषणच दिसला. एक गाल गुळगुळीत आन् दुसऱ्या गालावर वाळलेला पांढरा फेस. तसाच उभा. तोंड धुवायचं बी भान न्हवतं त्येला. मला आधी हासूच आलं हो. भाऊ आत पडलाय आन् मला हासू आलं, आन् मग जी किंचाळले ती बायांनी धरलं तवा गप झाले.

फेस त्येनं नंतर धुतला. पर दाढी न्हाय केली. तशीच ठिवली, एका बाजूला खुटं, एका बाजूला वाढलेली. बाजारात लोक हासायचे. कुणी म्हणलं, "मामा, पैसे कमी पडलं का, अर्धीच केली?" तर म्हणायचा, "माजा माणूस मधीच उठून गेलाय. म्या खुर्चीतच हाय आजून."

तिसरा दिवस करून म्या वाशीला गेलते, दहाव्याच्या आदल्या दिवशी परत आले. येताना गवार घिऊन आले. कशाला आणली माज्या मला कळंना. वैनीनं पिशवीत बगितलं, आन् ती उशाला घिऊन पडून राह्यली.

त्याच दिवशी दुपारी भावकी आली. रामकिसनतात्या म्होरं. पाणी पिले, च्या पिले. दादाचा पोरगा कृष्णराज भिताडाला टेकून बसलाता. त्यो सोलापूरला दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला हाय, एकुलता एक. दहाव्याला नदीवर पोराचं डोस्कं करायचं, म्हंजी भादरायचं आसतंय, त्याबिगर पिंड ठिवता येत न्हाय. आन् न्हाव्याच्या घरात ते भावकीतल्यानंच करायचं, आसा आमच्यात रिवाज हाय.

तात्या म्हणला, "उद्या वस्तरा घिऊन म्याच येतो. झालं गेलं सोडून दिलं आमी. पोराचं डोस्कं आमीच करणार. पर एक गोष्ट हाय. वस्तीवरची माणसं नदीवर नगंत."

मला वाटलं माज्याच ऐकण्यात काय चुकलं. म्या म्हणले, "काय म्हणलात तात्या?"

"सरळच म्हणलं. ती आली तर आमी न्हाय."

"तात्या, साल कोणतं चालू हाय?"

"साल कायबी आसू दे बाई. जित्ता हुता तवा त्येनं त्येच्या मनाचं केलं. आता मेल्यावर तरी भावकीत यिऊ द्या त्येला."

आसं म्हणला. आवाज बी चढविला न्हाय. माया केल्यासारखं म्हणला. मागं सगळे मान हालवायलेत, त्येंच्यात बारावी, पंदरावी शिकलेली पोरं. दुसरा कुणी न्हावी बलवावा तर आजूबाजूच्या गावचे सगळे एकामेकाचे सोयरे, तात्याच्या शब्दाभायेर कोण जातंय? वैनी आतनं एवढंच म्हणली, "काय बी करा, पर त्येंचं मागं काय अर्धं ठिवू नका."

बिभीषण अंगणातच हुता. उद्याच्या सैपाकाला लाकडं फोडायलाता. त्येनं सगळं ऐकलं. कुऱ्हाड भिताडाला लावली आन् कृष्णराजला म्हणला, "बाळा, तू जिवाला घोर लावून घिऊ नको. आमी न्हाय येत. पल्याड बसताव लांब. तुज्या आबाचं नीट हू दे." कृष्णराजनं त्येच्याकडं बगितलं बी न्हाय. म्या मनात म्हणले, हे पोरगं बी तसलंच निघालं.

सकाळी नदीवर गेलाव. पाणी कमीच हुतं, गुडघ्याएवढं. ह्या अंगाला आमी, गुरुजी, भावकी. पल्याड बाभळीखाली वस्तीवरची माणसं, बाया, पोरं, सगळी खाली बसलेली. मधी बिभीषण, ते तसलं तोंड घिऊन.

गुरुजी घड्याळ बगून म्हणले, "चला, आधी डोकं करून घ्या, मग पिंड." कृष्णराज दगडावर बसला. तात्यानं धोकटी उघडली, डोस्क्यावर पाणी लावलं, चोळलं. वस्तरा काढला. तेवढ्यात कृष्णराज उठला. डोस्क्यावरनं पाणी गळायलंय तसाच.

"तात्या, नंबर कुणाचा हाय?"

"काय?"

"आबाच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धं राह्यलंय. माज्या आधी त्येचा नंबर हाय."

"येड लागलं का तुला? बस खाली!"

पोरगं काय बसलं न्हाय. पिशवीतनं दादाचा वस्तरा काढला. सोबत आणलाता त्येनं, कुणाला म्हायतीच न्हाय. आन् पल्याड तोंड करून वरडला, "बिभीषणमामा! या! नंबर आलाय तुमचा!"

बिभीषण उठंना. कृष्णराजच पाण्यात शिरला, पल्याड गेला, हाताला धरून आणला. त्या दगडावर बसविलं त्येला. भावकीतले दोघं तिघं म्हणायलेत, "ए, काय लावलंय, दहावा हाय का तमाशा?" तात्यानं धोकटी गुंडाळली. चढ चढायला लागला. बाकीचे त्येच्या मागं.

कृष्णराजनं साबण लावला. पोरानं बारकेपणानंतर वस्तरा धरलेला न्हाय, दादानंच धरू दिला न्हाय, शीक म्हणला. बिभीषण रडायलाय, आन् रडताना गाल हालायलाय. कृष्णराज म्हणला, "मामा, हालू नका, म्या बी घाबरलोय."

हे त्येला कुणी सांगितलं आसंल? दादानंच सांगितलं आसंल.

डावी बाजू झाली. जरासं रगात आलं, लई न्हाय. उजवीकडं वस्तरा न्यायला लागला तर बिभीषणनं हात धरला. "हिकडं नको. ही तुज्या आबानं केलीया." तिकडं आता बारीक खुटं उगवलीती, पांढरी. ती तशीच ठिवली.

मग कृष्णराज दगडावर बसला आन् वस्तरा बिभीषणच्या हातात दिला. "आता माजा नंबर. करा."

"आरं म्या हलगीवाला माणूस, मला वस्तरा कुठं धरता येतोय?"

"मला तरी कुठं येत हुता?"

गुरुजी दुसरीकडं बगायलेत. बिभीषणनं देवाचं नाव घेतलं आन् वस्तरा कपाळाच्या वर टेकविला, उभाच. तेवढ्यात वरनं आवाज आला.

"आरं ए ए ए! उभा लावतुस का! कान जाईल पोराचा!"

रामकिसनतात्या. चढावर थांबून मागं बगत हुता. म्हातारा माणूस, धोतर सावरीत खाली पळत आला, एक चप्पल वरच राह्यली. बिभीषणच्या हातातनं वस्तरा हिसकावून घेतला. हाताला हात लागला, सगळ्यांनी बगितलं. "सरक!" म्हणला. स्वताची धोकटी काखंत बांधलेलीच हुती, ती सोडली न्हाय. नवं ब्लेड तेवढं कृष्णराजकडनं घिऊन घातलं, पर वस्तरा त्योच, दादाचा, आत्ता बिभीषणच्या गालावरनं फिरल्याला.

कृष्णराज रडायला लागलाता तवा. आबा गेल्यापासनं पयल्यांदा. डोस्कं हालायला लागलं. तात्या खेकसला, "आता ह्ये हालतंय! बघत काय उभा राह्यलास रं, धर की त्येचं डोस्कं!"

"म्या?" बिभीषण म्हणला.

"मग काय म्हशीला सांगू? धर!"

बिभीषणनं दोन्ही हातानं पोराचं डोस्कं धरलं. तात्या वस्तरा फिरवत राह्यला. त्येचं बोट ह्याच्या बोटाला लागायचं, मग ह्यो बोट सरकवायचा, मग त्यो खेकसायचा, "हालवू नको म्हणलं ना!" चढावर भावकी उभी, तोंड उघडं टाकून. पल्याडची माणसं उठून पाण्याच्या कडंला आली. पिंडाला कावळा कवा शिवला ते म्या बगितलंच न्हाय. म्या ते हातच बगत हुते.

झाल्यावर तात्यानं वस्तरा धुतला, पुसला, कृष्णराजला दिला. माज्याकडं बगून म्हणला, "म्या काय मानलेलं न्हाय बरं का. कान गेला आसता पोराचा." आन् चप्पल हुडकत निघून गेला. जेवायला थांबला न्हाय. भावकीतले काय थांबले, काय गेले. वस्तीवरची सगळी आमच्या अंगणात जेवली. वैनीनं गवारीची भाजी केलती.

तेरावा करून म्या निघाले. फाट्यावर यष्टीची वाट बगत दादाच्या दुकानाम्होरं उभी हुते. कुलूप हुतं. बिभीषण पिशवी धरून सोडायला आल्ता. यष्टी आली, कंडाक्टर वळखीचा, दादाकडंच दाढी करायचा त्यो. दारातनं वाकून बिभीषणकडं बगितलं आन् म्हणला, "काय मामा, आजून अर्धीच?"

"अर्धी न्हाय," बिभीषण म्हणला, आन् आधी उजव्या गालावर हात ठिवला, मग डाव्या. "ही बापानं केली, ही लेकानं. पुरी हाय."

कंडाक्टरनं टोपी काढली. घंटी वाजवायचं इसरला त्यो. डायवरनं दोनदा हारन दिला तवा गाडी हालली.